खुर्चीतल्याला नाही म्हणायचं नाही

माझ्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या न्हाव्याला गल्लीत सगळे 'बरोबर' म्हणत. खुर्चीतला माणूस काहीही बरळो, हा मान डोलवून म्हणायचा, "बरोबर आहे." सरकार पडणार म्हणणाराही बरोबर आणि त्याच्यानंतर बसलेला, पडणार नाही म्हणणाराही बरोबर. मी चिडवलं की म्हणायचा, "गळ्यावर वस्तरा असताना वाद घालायचा नसतो. गिऱ्हाईक हललं की कापतं."

त्याची एकुलती एक लेक लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासरी जळून गेली. बापाकडून गाडी आण म्हणून तिचा छळ चालला होता. त्या घरात तिची थोरली जाऊ तेवढी तिच्या बाजूची. सासूने उपाशी ठेवलं की जाऊ लपवून जेवायला द्यायची, हे लेकीनेच फोनवर बापाला सांगितलं होतं. त्या दिवशीचा फोनही जावेचाच होता. "काका, लगेच या, यांनी तिला..." एवढं बोलली आणि कुणीतरी फोन हिसकावून घेतला.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला आलेली गिऱ्हाइकं बघता बघता वकील झाली. "एकालाही सोडू नकोस! नवरा, सासू, नणंद, जाऊ, सगळ्यांना आत घाल." हा आपला मान डोलवत बसला. पोलीस ठाण्यात मी सोबत होतो. फिर्याद लिहिणाऱ्या हवालदाराने विचारलं, "जाऊही घरातच होती ना?"

"बरोबर आहे."

मी त्याला कोपराने ढोसलं. त्याचं लक्षच नव्हतं. समोर खुर्चीत माणूस होता, संपलं.

नवऱ्याला पोलिसांनी उचललं. सासू, नणंद आणि जाऊ, तिघींनी अटक होण्याआधीच अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला. तिघींचा वकील एकच. तो कोर्टात म्हणाला, "साहेब, फिर्यादीत सगळ्यांना एकाच दावणीला बांधलंय. कोणी काय केलं, त्याचा पत्ता नाही. ज्या सुनेने यांना स्वतः फोन केला, तिलाही सोडलं नाही. रागाच्या भरात अख्खं घर लिहून दिलंय." सरकारी वकील उठले, थोडं बोलले, बसले. तिघींना जामीन मिळाला. अट अशी, की फिर्यादीशी आणि साक्षीदारांशी बोलायचं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात आमचा न्हावी जावेसमोर जाऊन उभा राहिला. "पोरी, तू सगळं पाहिलंस ना? मग सांग ना कोर्टाला!"

"सांगणारच होते, काका," ती हळूच म्हणाली. "पोलीस आले तेव्हा वाटलं, माझी साक्ष घ्यायला आलेत. त्यांनी आरोपींत माझं नाव वाचलं. माहेरच्यांनी दार लावून घेतलं. वकील सासरच्यांनी दिला. आता तो सांगेल तेच बोलायचं."

"माझं चुकलं गं."

"तुमच्याशी बोलले तरी जामीन जाईल. माझी पोरं लहान आहेत, काका." तेवढ्यात सासू आली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेली. मला त्या सासूपेक्षा आमच्या ह्या भल्या माणसाचाच संताप आला. त्याला एक सणसणीत शिवी हासडावी असं वाटलं, पण त्याचं तोंड बघून मलाच रडू फुटलं.

दोन-चार दिवसांनी त्याने दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या सुरू झालं, "सुटल्या म्हणे सगळ्या? वरच्या कोर्टात जा. आणि त्या मोठ्या सुनेला तर मुळीच सोडू नकोस. तीच आतल्या गाठीची असणार."

वस्तरा गालावर थांबला. मी माझ्या दारातून बघत होतो. वाटलं, आज तरी हा माणूस नाही म्हणेल.

त्याने गिऱ्हाइकाची हनुवटी बोटाने वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"हलू नका," तो म्हणाला. आणि मग, "बरोबर आहे."