पुरवणीतला जावई

तिचं नाव मी विचारलं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत ती म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर नातीच्या झोक्यासाठी घेतलेला नवा दोर होता. पदराखालून तिनं रविवारची पुरवणी काढली.

"भाऊ, वाची दाखव. मनी पोरवर लिखेल शे."

लेख खुनावरचा होता. जावयानं तिच्या मुलीला मारलं होतं. लेखकानं जावयाचं लहानपण मन लावून लिहिलं होतं. बापाचा पट्टा, सोडून गेलेली आई, उपाशी काढलेल्या रात्री. मी वाचत होतो आणि ती कोपराभोवती दोर गुंडाळत होती. उपाशी रात्रींपाशी तिचा हात थांबला.

"कोनी जेवाले दिन्हं नई त्याले?"

"नाही अक्का."

ती पुन्हा गुंडाळू लागली. मुलीबद्दल एकच वाक्य होतं आणि त्यात तिचं नाव नव्हतं. ते मी जरा सावकाश वाचलं.

लेख संपला. दोरही गुंडाळून झाला. ती तशीच ऐकायला बसून राहिली.

"हाई त्यानं व्हयनं," ती म्हणाली. "आते मनी पोरनं वाच."

तिच्या मुलीचं काही सापडतं का ते बघायला मी पान उलटलं. मागे पानभर ठिबकच्या नळ्यांची जाहिरात होती.