लिहून ठेवलंय, आई

निपाणीच्या आमच्या घरी कन्नडात आलेला कागद देवापुढच्या करंड्याखाली जातो आणि मी बेळगावहून येईपर्यंत तिथंच राहतो. आई बाजारात कन्नड घडाघडा बोलते, पण वाचता तिला फक्त मराठी येतं. घरात कन्नड वाचणारा मी एकटाच.

त्या रविवारीही करंड्याखाली एक सरकारी कागद होता आणि मी बस गाठायच्या घाईत. फोनमधल्या नोंदींच्या ॲपमध्ये कागदाचा फोटो घेतला, वर 'आईचा कागद वाचणे' लिहिलं आणि पिवळा रंग दिला. पिवळा म्हणजे घरचं काम. या रंगांवरून मी ऑफिसात मिरवतो. कुणी काही विसरला की साहेब त्याला माझ्याकडे शिकायला पाठवतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आई फोनवर विचारायची, "त्या कागदाचं बघितलास काय रं?"

"लिहून ठेवलंय, आई."

"लिवून ठेवलायस न्हवं? मग झालं."

तिला झालं वाटायचं ते ठीक, पण मलाही वाटायचं. एकदा लिहिलं की माझं अर्धं ओझं उतरतं आणि उरलेल्या अर्ध्याकडे मी बघत नाही.

तीन आठवड्यांनी पिवळ्या नोंदी आवरताना तो कागद उघडला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती, आणि ती उलटून चार दिवस झाले होते. या तारखेसाठी ती वर्षभर थांबली होती. नजर अधू झाल्यामुळे तिनं वळलेल्या बिड्या कारखान्यातून छाट म्हणून, नापास होऊन परत येत होत्या. जन्मभर जिच्या बिडीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, तिला ते फार लागायचं.

दवाखान्यात फोन केला. तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. आईला मात्र सांगितलं, "त्यांनी तारीख पुढं ढकलली."

"बरं झालं बाबा तू कागद वाचलास. न्हाईतर हेलपाटा पडला असता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी गप्प बसलो. तीन महिने ती दारातल्या उजेडात, पान नाकाशी धरून कातरत राहिली. ऑपरेशन नीट झालं. तेव्हा मी ॲपमध्ये नवी पिवळी नोंद केली, 'आईला खरं सांगणे'. दर रविवारी तिची आठवण करून द्यायला फोन वाजायचा आणि मी ती नोंद पुढच्या रविवारवर ढकलायचो.

गेल्या रविवारी मी घरी होतो आणि माझा फोन आईच्या बिड्यांच्या सुपाशेजारी पडला होता. तो वाजला. तिनं उचलून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "आईला... खरं... सांगणे." आणि माझ्याकडे बघितलं. "कसलं खरं रं?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं हातातलं पान कातरून सुपात टाकलं.

"तीन म्हैनं," ती म्हणाली, "त्या दवाखान्यातल्या लोकास्नी लई शिव्या घातल्या रं मी."