दादाचा डावा कान

चेहऱ्यालाही मोजमाप असतं हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि बरं वाटलं. डोळे येतात माथा आणि हनुवटीच्या बरोबर मध्यावर. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते. कारखान्याच्या तपासणी विभागात मी आयुष्यभर सुट्या भागांची मापं घेतली. नातेवाईकही मापात बसतात म्हटल्यावर डोंबिवलीतल्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं.

शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "काका, ज्यांना ओळखता त्यांचेच चेहरे काढा. काढता काढता नातं कळतं."

पहिलं चित्र बायकोचं. ती चाळीस मिनिटं बसली, त्यातली तीस फोनवर बहिणीशी बोलली. चित्र बघून म्हणाली, "तोंड उघडं का काढलंयत?" मी म्हणालो, जे दिसलं ते काढलं. पुढचे दोन दिवस ते बंद होतं. नातं कळलं.

दुसरं, ठाण्याजवळ बाळकुमला राहणाऱ्या मित्राचं. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "केस जरा सढळ हाताने काढ रे." मी होते तेवढे काढले. तो अजून भेटतो, पण टोपी घालून.

तिसरं दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. तो कळव्याला राहतो. शेवटचे सात महिने आई त्याच्याकडे अंथरुणाला खिळून होती. मी दर रविवारी दहा ते बारा जायचो. एकही रविवार चुकवला नाही, आणि हे मी लोकांना सांगायचो. बाकीचे दिवस दादा आणि वहिनींनी काढले. तो आकडा मी कधी मांडून बघितला नव्हता. तेराव्याला रिक्षातून येताना मात्र तो आपोआप मांडला गेला. शेजारी बसलेल्या दादाला मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं." तो बाहेर बघत राहिला.

याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तो फक्त दसऱ्याला येतो, आपट्याची पानं हातावर ठेवतो, पाणी पितो आणि जातो. गेल्या वर्षी अकरा मिनिटं बसला. त्याच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नाही, हीच अडचण.

तेव्हा त्याला समोर बसवून चित्र काढणं शक्य नव्हतं. पुतण्याच्या साखरपुड्यातला त्याचा एक फोटो होता, किंचित उजव्या बाजूने काढलेला. त्यावर चौकोन आखले, तेवढेच कॅनव्हासवर आखले आणि एकेक चौकोन उतरवत गेलो. डावा कान फोटोत कुणाच्या तरी डोक्याआड गेला होता. उजव्याचं माप घेतलं आणि उलटा काढला. सगळं मिलिमीटरमध्ये बरोबर आलं, फक्त दादा आला नाही.

"हे दादा नाहीत," बायको म्हणाली. "हे रागावलेले तुम्ही आहात."

मला नाकाचा संशय आला. दादाचं नाक आईचं. म्हणून दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी चित्र आईच्या फोटोशेजारच्या खिळ्याला लावलं, आणि तुलना झाल्यावर ते तिथेच राहिलं.

दर दसऱ्याला आमच्याकडे झेंडूचे सहा हार येतात. तीन देवांच्या तसबिरींना, एक बाबांच्या फोटोला, एक आईच्या आणि एक स्कूटरला. या वर्षीही मी सहाच आणले. सकाळी हार घालायला निघालो तेव्हा लक्षात आलं की स्कूटर जूनमध्येच विकली. एक हार उरणार, ही गोष्ट मला चैन पडू देईना. म्हणून भिंतीवरच्या चौकटी मोजल्या. सहा भरल्या. समाधानाने सगळे हार घातले आणि अंघोळीला गेलो.

दहा वाजता दादा आला. चप्पल काढली आणि पानं हातात घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. बाबा, आई, आणि आईच्या शेजारी तो स्वतः, झेंडूच्या हारात.

"कधी गेलो रे मी?" त्याने विचारलं.

बायको लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून आली. "अगं बाई! हे कुणी केलं?"

"हार सहा होते," मी म्हणालो.

"मग?"

"चौकटीही सहा होत्या."

दादा खुर्चीत बसला. त्याचे खांदे हलत होते. मी घाबरलो, पण तो हसत होता. "तुझ्या वहिनीला फोन तरी करायचास. ती बिचारी तिकडे श्रीखंड घोटतेय."

बायकोने घाईने हार उतरवला. "असं झालं की आयुष्य वाढतं म्हणतात, दादा."

"वाढू दे. तेवढ्यात याचं चित्र तरी सुधारेल." तो उठून चित्राजवळ गेला. "नाक जमलंय. हा कान कुणाचा?"

"उजव्यावरून काढला."

"समोर असतो तर दिसला असता." त्याने मान वळवली. डाव्या कानामागे ऐकण्याचं छोटं मशीन होतं. मला ठाऊकच नव्हतं. "बसतो. नीट काढ."

मी त्याच्या डाव्या बाजूला स्टूल घेतलं, पेन्सिल उचलली, आणि डोक्यात रिक्षा आली. रिक्षात मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. म्हणजे त्याला ऐकूच गेलं नव्हतं! तीन वर्षं अडलेलं गणित सुटलं. मी स्टूल उचलून उजवीकडे नेलं. चित्राचा कोन गेला, पण मोठ्याने म्हणालो, "दादा, माझं चुकलं."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"ओरडू नकोस. येतं मला ऐकू."

"रिक्षातही म्हणालो होतो. डावीकडून. तुला गेलं नसेल ऐकू."

"गेलं होतं. तेव्हा कान धड होता. मशीन या मार्चमध्ये लावलंय."

"मग काही बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? चुकलंच होतं तुझं." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "बाराला पाच कमी असताना आई मला सांगायची, त्याला जाऊ दे, त्याची वेळ झाली. तुझं घड्याळाकडे लक्ष जायच्या आधी तिचं जायचं."

मी पेन्सिलीला टोक करू लागलो. मग तोच म्हणाला, "मान कुठे ठेवू? इकडे की तिकडे?"

"तिकडे," मी म्हणालो, आणि स्टूल पुन्हा डावीकडे नेलं.

त्या दिवशी तो जेवून गेला. कान अर्धाच झाला होता, म्हणून पुढच्या रविवारी आला. मशीनची वायर जमेना, म्हणून त्याच्या पुढच्या रविवारीही. दोन सेंटिमीटरचं काम आहे. मनात आणलं तर तासाभरात होईल. पण कान पूर्ण झाला की त्याला यायचं कारण उरणार नाही, म्हणून दर वेळी थोडा पुसतो.

परवा त्याने विचारलं, "किती रविवार लागतात रे एका कानाला?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो.

खोटं बोललो. पाच झाले.