फाळक्यावरची दोन माणसं

माझं शेवटचं पोस्टिंग उंच डोंगरातल्या लष्कराच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होतं. मी हवालदार, शिवाजी पेठेचा. नाईक दस्तगीर ड्रायव्हर, कबनूरचा. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला गडी. गुपितसुद्धा ओरडून सांगायचा. सकाळी सहाला रोलकॉल, मग पीठ आणि रॉकेल वरच्या पोस्टवर पोचवायचं, हे आमचं रोजचं काम.

त्या दुपारी वळणावर रस्त्याची कडा खचली. दस्तगीरच्या ट्रकची पुढची चाकं दरीवर गेली, पोट दगडी कठड्यावर टेकलं. त्याचा पाय पेडलखाली अडकला. मी मागच्या गाडीत होतो. धावत जाऊन दोन धिप्पाड जवान मागच्या फाळक्याच्या अगदी कडेला बसवले.

आमच्या गावाकडचे राजारामपुरीतले क्लासवाले याला टॉर्क म्हणतात. दार बिजागरीजवळ ढकला, हलत नाही. कडेला ढकला, एका बोटानं उघडतं. वजन तेच, पण टेकूपासून जितकं लांब तितका त्याचा पीळ जास्त. इंजिनचं वजन गाडीला कठड्यावरून दरीकडे फिरवू बघत होतं, हे दोघे उलट पिळून धरत होते. रिकव्हरी व्हॅन येईपर्यंत एवढंच करायचं होतं.

मी म्हणालो, "दस्तगीर, हलू नको."

"हलायला जागा कुठं हाय, दादा? त्या दोघांस्नी सांगा, शिंकू नगा म्हणावं."

आम्ही हसलो.

तेवढ्यात सीओ साहेबांची, म्हणजे कमांडिंग ऑफिसरची, जिप्सी आली. शेजारी उभ्या आमच्या सुभेदारांच्या तोंडून सवयीनं ऑर्डर गेली, "पार्टी, सावधान!"

दोघांनी खाली उड्या टाकल्या. टाचा जुळल्या. इतका देखणा सॅल्यूट मी परेडलाही पाहिला नव्हता.

मागची चाकं आधी सावकाश वर उठली. मी फाळक्याला लोंबकळलो. माझ्या एकट्याचं वजन पुरलं नाही. उलटा पीळ गेला की फिरणं क्षणाक्षणाला वाढत जातं. माझा हात सुटला. ट्रक दस्तगीरला घेऊन दरीत गेला.

चौकशीत कारण आलं: रस्ता खचला. खोटं म्हणायला जागा नाही. 'सावधान'च्या ऑर्डरचा उल्लेख नाही.

दस्तगीरच्या आईला मात्र मी सगळं सांगितलं.

त्याच्या शाळेत दरवर्षी श्रद्धांजली असते. दोन मिनिटं सगळे सावधान उभे राहतात. मी खुर्चीतून उठत नाही. गेल्या वर्षी शेजारचा पुढारी वाकून म्हणाला, "पावणं, शहिदासाठी तरी उभं ऱ्हावा की."

पलीकडून दस्तगीरची आई म्हणाली, "बसू दे त्येला. त्या दिशी कुणी बसून ऱ्हायलं न्हाय."