आतोबांचे पाहुणे

आलेला पाहुणा वाटेतून परत पाठवण्यात ज्याला धन्यता वाटते, असा पर्यटनाचा धंदा करणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा आहे. मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून आतोबा म्हसळ्याजवळच्या गावी परतले ते भातशेती करायला. पण वरच्या जंगलातल्या कातकरवाडीत त्यांचा जीव असा अडकला की शेती आत्याच्या गळ्यात पडली. दिवाळी सरली की वाडीतली माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जायची आणि घरं ओस पडायची. भट्टीवर ना रान, ना देव, ना गाणी. शहरातले लोक रान बघायला आले तर यांना जावं लागणार नाही, असं आतोबांच्या डोक्यात आलं आणि वाडीला हाताशी धरून त्यांनी पाहुणे आणायला सुरुवात केली.

आणायला म्हणायचं इतकंच! अत्तराचा वास मारणाऱ्याला ते आधी ओढ्यावर अंघोळीला धाडत. वाडीतल्या पोरांना चॉकलेटं वाटणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं, "तुमच्या सोसायटीत येऊन मी असा खाऊ वाटला, तर वॉचमन मला चहा पाजील काय?" पाहुण्यांना वाढायचे रानातले कडू कंद उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्यांचा कडूपणा जातो. घाई करणाऱ्यांना आतोबा सांगत, "उद्या खायला मिळंल. थांबा, न्हायतर म्हसळ्याला जाऊन वडापाव खा." गंमत म्हणजे माणसं थांबत, पुन्हा येत. रांधण्याची, वाट दाखवण्याची कामं वाडीतच मिळू लागली आणि भट्टीचा ट्रक रिकामा परतू लागला. संध्याकाळी एक म्हातारा ढोल घेऊन बसायचा, बायका फेर धरायच्या. त्या फेरात तरुण पोरीही दिसायला लागल्या, याचं आतोबांना कोण कौतुक!

गेल्या हिवाळ्यात एका कंपनीची बसभर माणसं यायची होती. त्यांना आवडलं तर पुढचे सगळे महिने त्यांचेच गट येणार होते. नेमका त्याच आठवड्यात ढोलवाला म्हातारा गेला. मयताचे दिवस होईपर्यंत वाडीत ढोल वाजत नाही. पण त्याचा मुलगाच आतोबांकडे आला. "काका, मी वाजवतू. हे पाव्हणं गेलं तर भट्टीचा मुकादम हायच दारात."

"न्हाय," आतोबा म्हणाले. "तुझ्या बापाचं सुतक हाय. त्येच मोडलं, तर मंग आपण लोकांना दाखवतो तरी काय?"

आत्याने हात जोडले, पण आतोबा रस्त्यावर जाऊन बससमोर उभे राहिले. "आज नाच न्हाय. दुःखाच्या घरी चार माणसं येतात तसं यायचं तर या, गप बसा." बस वळली. पुढचे गटही रद्द झाले.

दिवस झाले आणि वाडीला न्यायला भट्टीचा ट्रक आला. ढोलवाल्याच्या मुलाने बायकोला वर चढवलं, पोरं तिच्याकडे दिली. मग तो आतोबांकडे येऊन म्हणाला, "काका, तुमचं बराबर व्हतं. बापाचं समदं नीट झालं." त्याने शिव्या घातल्या असत्या तर आतोबांना सोसलं असतं. आतोबा बरोबर होते की चुकले, हे मला अजून ठरवता येत नाही. एवढंच कळतं की त्या वाडीवर त्यांच्याइतकी माया करणारा बाहेरचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा मी त्यांच्याकडे असताना कुणा पाहुण्याचा फोन आला. वाडीत सध्या काय बघायला मिळेल, असं तो विचारत होता. आता बिचाऱ्याची खरडपट्टी निघणार म्हणून मी कान टवकारले.

"काय न्हाय," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी फोन आत्याच्या हातात दिला.