मामाचं भात आणि आमचं मीठ

कुंडीला खारं पाणी घालत राहिलं की काही दिवसांनी काठावर पांढरं मीठ फुलतं. पुसून टाका, परवा पुन्हा हजर! आमच्या कामाच्या जागेतले किस्से तसेच आहेत. कितीही झटकले तरी वर येऊन बसतात. मी गोष्ट वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे, आणि तो खोटा नाही. पण या किश्श्यांत वाढवायला जागाच उरली नव्हती हो. मी स्वतःच आ वासून उभा होतो.

आमची जागा म्हणजे मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतला गाळा. खाली लॅब, वर गच्चीवर हिरव्या जाळीखाली भाताच्या कुंड्या. माणसं तीन. नेने मॅडम शास्त्रज्ञ, सावंत कुंड्या सांभाळणारा, आणि मी सामान आणणारा, म्हणजे पडेल ते काम करणारा.

काम ऐकून लोक दचकतात. आम्ही भाताला खारं पाणी घालतो! म्हणजे मारायला नाही, जगवायला. सावंतच्या मामाची कोकणात खाडीलगत खारी जमीन. तिथलं जुनं भात मीठ सोसणारं. पण बांध फुटले, समुद्र आत येत राहिला, मीठ इतकं वाढलं की ते भातही माना टाकायला लागलं. मामांनी शेती सोडली. डब्याच्या तळाला उरलेलं मूठभर बी सावंतने मॅडमना आणून दिलं. ते सगळं आम्ही पेरलं. याला दाणा धरला नाही तर ते भात जगातून गेलं. आणि पुण्याचे मोठे साहेब म्हणाले होते, यंदा काही दिसलं नाही तर गाळ्याला कुलूप!

आम्ही त्या कुंड्यांना नुसतं ‘मामा’ म्हणायचो.

*

पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, “पाटणकर, मीठ आणा. जाडं, खडा मीठ. पोतंभर.”

मी स्टेशनजवळच्या शहाशेठकडे गेलो. शेठ खूश! “शादी है? के लोणचानो ऑर्डर?”

“नाही शेठ, भातासाठी.”

शेठने तराजू खाली ठेवला. “किती माणसं?”

“तिघं.”

पुढच्या महिन्यात मी परत पोतं मागितलं. शेठने मीठ दिलं, पण गल्ल्यावरून उठून बाहेर आले, माझा हात धरला आणि बारीक आवाजात म्हणाले, “माझा जावई डॉक्टर आहे. बीपी एकदा बघून घ्या ना. तिघांचं पण!”

*

मीठ जिथे मुरलेलं असतं तिथे तिवराची झाडं मजेत उभी असतात. त्यांच्या मुळांपाशी काही जिवाणू राहतात, ते झाडाला मीठ सोसायला मदत करतात. तेच आणून मामाच्या मुळाशी सोडायचे, असा मॅडमचा बेत. परवानगी काढली, आणि आम्ही तिघं ओहोटीला खाडीत उतरलो.

उतरलो कसले, रुतलो! मॅडम गुडघ्यापर्यंत. माझा एक बूट खाडीला अर्पण. सावंत तेवढा बगळ्यासारखा चालत होता. डबे भरून वर आलो तर समोर पहारेकरी, काठी आपटत.

“काय चाललंय? तिवरं तोडताय?”

“नाही हो,” मॅडमनी चिखलातला हात वर करून परवानगी दाखवली. “चिखल नेतोय.”

“काय नेताय?”

“चिखल.”

त्याने डब्याचं झाकण उघडून बघितलं. वास घेतला. मग आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघितलं. त्याची काठीच खाली आली.

“मॅडम, एवढी वर्षं झाली ड्यूटीला. इथे डंपर घेऊन भराव टाकायला लोक येतात, त्यांच्यामागे पळून माझे गुडघे गेले. उचलून नेणारे पहिल्यांदा बघतोय!”

डबे रिक्षापर्यंत त्यानेच पोचवले.

*

चिखलातल्या जिवाणूंचं विरजण घातलं. अर्ध्या कुंड्यांना ते, अर्ध्यांना काही नाही. खारं पाणी मात्र सगळ्यांना सारखं, हळूहळू वाढवत. आणि काय सांगू, दोन आठवड्यांत गच्चीच्या एका बाजूची रोपं अशी तरारली, अशी तरारली की मॅडमनी माझ्यासमोर टाळी वाजवली. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. “सर, चमत्कार आहे! तुम्ही बघायलाच हवं!”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तरारलेल्या बाजूत दोन्ही प्रकारच्या कुंड्या होत्या. विरजण घातलेल्याही आणि न घातलेल्याही. मॅडमच्याही तेव्हाच लक्षात आलं. त्या पुन्हा एकेक कुंडी बघत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिन्यात दबा धरून बसलो. दुपारी शेजारच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातल्या हंसाबेन वर आल्या. नवरा तिथे कामाला, त्याचा डबा घेऊन त्या रोज यायच्या. हातात गोड्या पाण्याची मोठी बाटली. कठड्यालगतच्या कुंड्यांना त्यांनी बाटलीभर पाणी पाजलं, वर पानांवरून हात फिरवला.

“हंसाबेन!” मॅडम ओरडल्याच.

हंसाबेन दचकल्या नाहीत. उलट आम्हालाच धरलं. “अरे शिकलेली माणसं तुम्ही! रोज बघते, झाडाला मिठाचा पाणी पाजता! जीव आहे ना त्याला? मी होती म्हणून वाचला!”

मॅडमनी साहेबांना परत फोन केला. खरं ते सगळं सांगितलं. मग साहेब म्हणाले, “मी येतो. बघायला नाही. बंद करायला.”

*

एवढ्यात खारटपणा मोजायचं मीटर बिघडलं. दुरुस्तीला गेलं. सावंत म्हणाला, “मॅडम, टेन्शन नका घेऊ. खाऱ्या शेतात जन्म गेलो माझो. जीभ हा ना!”

पाणी कालवलं. सावंतने बोट बुडवून चाखलं. “अळणी हा. अजून टाका.”

टाकलं. परत चाखलं. “अजून.”

आम्ही टाकत गेलो. शहाशेठचं पोतं अर्धं झालं.

सकाळी गच्चीवर गेलो. तुलनेसाठी लावलेल्या बाजारातल्या सगळ्या जातींची रोपं आडवी! पानं सुरळ्या होऊन पिवळी. फक्त मामा उभे. शेंडे जळलेले, पण उभे.

मॅडम दिवसभर गोडं पाणी घालून कुंड्या धूत बसल्या. मला जवळ जायची हिंमत होईना. संध्याकाळी त्यांनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, “सावंत, काल चाखायच्या आधी काय खाल्लं होतं?”

सावंतने नखाने कुंडीच्या काठावरचं मीठ खरवडलं. मग म्हणाला, “भाजलेलो सुको बांगडो.”

*

मामा वाचले. हळूहळू लोंब्या आल्या. मूठभर बियांतून वाचलेली थोडी रोपं, त्यांच्यावर डुलणाऱ्या थोड्या लोंब्या. मॅडमनी प्रत्येक कुंडीला क्रमांक लावला होता. कोणत्या कुंडीला विरजण, कुठलीला नाही, कुठलीला मीठ किती. लोंब्या वेगवेगळ्या मोजल्या की साहेबांना दाखवायला पुरावा. बंद करायला साहेब येणारच होते, तर कापणी त्यांच्यासमोरच करायची ठरली.

साहेब यायचे त्या दिवशी कोजागिरी, म्हणजे कोकणातली नव्याची पौर्णिमा होती. हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात नव्हतं.

सावंतची आई कोकणातून लेकीकडे बोरिवलीला आली होती. भावाचं भात बघायचं म्हणून सावंत तिला घेऊन आला. मॅडम साहेबांना आणायला खाली गेटवर. मी आणि सावंत आत मोरीपाशी चहा ओतत होतो. आई म्हणाली, “मी जरा वर जावन येतंय.”

चहा संपला. आम्ही बाहेर आलो. गाळ्याच्या दाराला भाताची लोंबी, पिशवीतून आणलेली आंब्याची पानं, झेंडू, नीट दोऱ्याने बांधलेली! फ्रीजला एक. मॅडमच्या खुर्चीला एक. दुरुस्त होऊन आलेल्या मीटरला एक!

सावंतच्या हातातला कप पडला. “आये! ह्या काय केलंस गो?”

“काय म्हणजे? नवा बांधलंय. घरात भात पिकला आणि दाराक नवा नाय? अशे कसे रे तुमी?”

आम्ही वर धावलो. क्रमांक सगळे जागच्या जागी. लोंब्या एकही नाही!

खाली आलो तर मॅडम आणि साहेब दारात. मॅडमनी वर बघितलं. खुर्ची बघितली, मीटर बघितलं. त्यांच्या तोंडाचा रंग गेला. कोणती लोंबी कोणत्या कुंडीतली, आता देवालाही सांगता येणार नव्हतं.

“चला, पुरावा दाखवा,” साहेब म्हणाले.

 आई पुढे आली. “ह्यो मोठो सायब काय? थांब रे बाबा.” हातात उरलेली शेवटची लोंबी तिने साहेबांच्या हातात दिली. “घराच्या दाराक बांध. बरकत येता.”

साहेबांनी लोंबी घेतली, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि गाडीत बसून गेले.

सावंत कोपऱ्यात बसून रडला. मॅडमनी दारावरचा एकेक दाणा सोडवून पुडीत बांधला. बी होतं, पण पेरायला गच्ची राहणार नव्हती. आम्ही रिकामी पोती घडी करायला घेतली.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर ठेवला. बंद करायचं असेल तर ते तिघांनी मिळून ऐकू, म्हणाल्या.

“नेने मॅडम,” साहेबांचा आवाज अवघडलेला होता. “ते तुमचं भात माझ्या आईने दाराला बांधलंय. गाळा बंद करायच्या कागदाबरोबर ते सॅम्पल परत पाठवायचं म्हणून मी काढायला गेलो, तर हात लावू देईना. कागदही तसाच पडलाय. म्हणते, पुढचं नवं आल्याशिवाय जुनं काढत नाहीत.”

“हो सर,” मॅडम म्हणाल्या.

“आणि विचारतेय... पुढच्या वर्षीचं तुमच्याकडूनच येणार ना?”

मॅडमनी फोन ठेवला. दाण्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“पाटणकर, बसलात काय? मीठ आणा!”