दिनानाथांचा ब्लॅक होल

वरसे गावचे दिनानाथ कंपनीतून रिटायर झाले आणि त्याच वर्षी शाळेच्या विज्ञान-नाटकात तारा झाले. फार मोठ्या ताऱ्याचाच ब्लॅक होल होतो, म्हणून प्रणिता मॅडमना गावातला सगळ्यात वजनदार माणूस हवा होता.

"आतलं इंधन जळतं तोवर तारा तग धरतो," मॅडमनी समजावलं. "ते संपलं की स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो. मग त्यातून प्रकाशही बाहेर पडत नाही."

दिनानाथांनी ते फारच मनावर घेतलं. नाटकात मॅडमनी माइकवरून इंधन संपल्याचं जाहीर केलं, तरी ते उभेच.

"नाय, अजून हाय," ते म्हणाले. घरून वालाचं बिरडं जेवून आले होते.

शेवटी दमून ते मटकन बसले आणि काळी घोंगडी पांघरली. टाळ्या झाल्या, पण ते बाहेर येईनात. बक्षीस समारंभ त्यांना वळसा घालून उरकला. चहा आत गेला, कप परत आला नाही.

बायको गिरजाबाई वाकून म्हणाल्या, "घरी चला आता."

"यातून काय बाहेर येत नाय गो," आतून उत्तर आलं.

"मग घोंगडीसकट चला."

हे त्यांना पटलं. गिरजाबाईंनी घोंगडीचं टोक धरलं आणि रस्त्यात भेटेल त्याला आतूनच रामराम करत दिनानाथ घरी गेले.